अर्धी अँटेना

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हेमांगी दाभोळेने सर्पिल अँटेना अर्धीच मोजायला घेतली, आणि कंपनीच्या इमारतीचा दुसरा अर्धा भाग नाहीसा झाला.

अर्धी मोजण्यात तसं वावगं काही नव्हतं. संगणकावर अँटेना रेखाटायची आणि तिच्यातून लहरी कशा जातील याचं गणित प्रोग्रामकडून करून घ्यायचं, हा तिचा रोजचा उद्योग. गणित फार लांबतं, म्हणून जाणकार मंडळी मधोमध एक आरसा उभा करतात. एकच बाजू मोजायची. दुसरी तशीच असणार, असं प्रोग्राम धरून चालतो.

या वेळी आरसा जिन्यापाशी उभा राहिला. पलीकडे चाचणी विभाग असायला हवा होता. तिथे आता हेमांगीचाच विभाग होता, उलटा. तिने उजव्या हाताने चहाचा कप उचलला, तेव्हा पलीकडच्या हेमांगीने डाव्या हाताने उचलला. चाचणी विभागातली नऊ माणसं कुठेच नव्हती. त्यांत तिचा नवरा नीलकंठ होता.

ती विभागप्रमुख कुलथे साहेबांकडे गेली.

"साहेब, पलीकडची बाजू गेली."

"गेली कुठे? आपण ती धरून चाललोय. आलेख कसा आलाय?"

"सुरेख आलाय, पण चुकीचा आहे. सर्पिल अँटेना आरशात चालत नाही. इकडे उजवीकडे वळत गेलेली तार तिकडे डावीकडे वळते. ती तिची दुसरी बाजू नव्हेच. कॉलेजातल्या पोरांनाही कळतं हे."

"मग तुम्हाला का नाही कळलं, मॅडम?"

घाई नडली होती.

"तिकडे नीलकंठ आहे, साहेब."

"आणखी आठ जणही आहेत." साहेबांनी कपाटातून फॉर्म काढला. "फेरगणना हवी असेल तर कारण लिहा. मोघम चालणार नाही, चूक कुणाची ते नाव घालून लिहा. बढतीची यादी उद्या निघतेय, एवढं लक्षात घ्या."

त्या बढतीसाठी ती सात वर्षं झिजली होती. तिने लिहिलं, ‘चूक माझी’, आणि खाली सही केली. तिला रडू आलं, पण सही मागे घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

आरसा काढून पूर्ण गणित लावलं. साडेचारला चाचणी विभाग टेबलं, पंखे आणि माणसांसकट जागेवर आला. नीलकंठ संत्रं सोलत बसला होता.

"अरे, बरा आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय? सकाळपासून तुमचीच बाजू गेली होती. जिन्यापलीकडे आम्हीच आम्ही, उलटे."

"मग? काय केलंत तुम्ही?"

"फॉर्म आला होता. फेरगणना हवी की नको." त्याने फोडीतली बी काढून कागदावर ठेवली. "आलेख सुरेख होता गं. सगळ्यांनी नको लिहिलं."

"तूसुद्धा?"

"पहिली सही माझीच आहे."

तो असं काही करील हे हेमांगीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पाच वाजले, तशी तिने पर्स उचलली आणि नेहमीप्रमाणे त्याच्या स्कूटरवर मागे बसली.