सतरा नंबरची व्हीलचेअर

गरजू रुग्णांना व्हीलचेअर फुकट वापरायला देणाऱ्या संस्थेचं कर विवरणपत्र भरायचा आज शेवटचा दिवस होता आणि ऑडिटर सही करायला तयार नव्हते. ताळेबंदात एकेचाळीस खुर्च्या होत्या, कार्यालयात एकही नव्हती.

"सगळ्या लोकांकडे आहेत," खजिनदारबाई म्हणाल्या.

"असतील. मला मोजायच्यात."

सही नाही तर करमाफी नाही, आणि करमाफी गेली की संस्थेला कुलूप. पण बाई हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. वीस वर्षं बिनपगारी काम करून त्यांनी एक पावती इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. संस्था चालतात त्या अशा माणसांच्या जिवावर, बाकीचे आपण नुसती भाषणं करतो. त्यांनी वही उघडली आणि खुर्ची घेऊन चारच्या आत या, असे फोन लावले.

खुर्ची येणार म्हणजे खुर्चीतला माणूसही येणार, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. तीन वाजता अंगण भरलं, मग फाटक, मग रस्ता. प्लास्टरवाल्या दोघांनी शर्यत लावली. एक आजोबा रांगेत पुढे सरकून सरकून तीनदा मोजले गेले. ऑडिटरांचा आकडा एकदा अडतीस आला, एकदा त्रेचाळीस. शेवटी बाईंनी सगळ्यांना ब्रेक लावायला लावले, तेव्हा चाळीस भरल्या.

"सतरा नंबर नाही. कोणाकडे आहे?"

घेणाऱ्याचं नाव चारचौघांत सांगायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. ऑडिटर हटून बसले, तेव्हा बाईंनी त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि वही पुढे केली. सही त्यांच्याच बायकोची होती. वडिलांची खुर्ची बायकोने विकत आणली, असं ते बिचारे समजून होते.

"तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून तुमच्या घरी तेवढा फोन केला नाही," बाई म्हणाल्या.

ऑडिटरांनी व्हिडिओ कॉल लावला. वडिलांनी कुरकुरत फोन खुर्चीच्या पाठीमागे धरला. सतराचा आकडा ठळक दिसत होता. साडेचारला सही झाली, पाचच्या आत विवरणपत्र गेलं.

निघताना ऑडिटर दारात घुटमळले. खुर्ची दोन महिन्यांच्या बोलीवर नेलेली आणि आता चौदावा चालू होता, हेही त्यांनी वहीत वाचलं होतं.

"बाई, मुदतवाढ मागायची तर अर्ज कसा करायचा?"

बाईंनी खण उघडला. अर्ज त्यांनी बारा महिन्यांपूर्वीच भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती.