इब्राहिमचाचांची दोन कंपन्यांची वीज

आमच्या बिल्डिंगमधले इब्राहिमचाचा परकार कोणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नसत. आधी जिन्याखाली जाऊन त्या घराचा मीटर वाचत, आणि मग वर येत. त्यामुळे दार उघडल्यावर ते ‘कसे आहात’ वगैरे विचारत नसत. त्यांना ते कळलेलं असायचं.

‘पाहुणे होते वाटतं,’ ते चपला काढता काढता म्हणत. किंवा, ‘गीझर जरा जास्त चालला. कोणाला सर्दी?’

पनवेलच्या खांदा कॉलनीतली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची. बारा घरं, आणि बारा मीटर जिन्याखाली एका फळीवर ओळीनं लावलेले. बाकी आम्हा सगळ्यांना ती फळी म्हणजे सायकली टेकवायची जागा वाटायची. चाचांना ती वर्तमानपत्रासारखी होती. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे चव्हाण सोसायटीच्या सभेला आले नाहीत. नंतर म्हणाले, आम्ही चार दिवस महाबळेश्वरला होतो. चाचा शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही गेला असाल. तुमचा मीटर गेला नव्हता.’ चव्हाण पुढच्या प्रत्येक सभेला वेळेच्या आधी येऊन बसू लागले.

चाचा मूळचे जुन्या पनवेलचे. कुवेतला बावीस वर्षं इलेक्ट्रिकल फोरमन होते. तिथे म्हणे विजेला किंमतच नव्हती. लोक एसी चालू ठेवून महिनाभर सुट्टीवर जात. असा माणूस इथे येऊन फ्लॅट घेतो आणि पहिलं बिल उघडतो, तेव्हा त्याचं काय होत असेल? चाचांनी ते बिल तीन दिवस वाचलं. वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले, कारण मी शाळेत गणित शिकवते.

‘बाई, हा वहन आकार म्हणजे काय?’

मी म्हटलं, वीज वाहून आणायचे पैसे.

‘म्हणजे पाण्याचे पैसे वेगळे आणि नळातून आलं त्याचे वेगळे,’ चाचा म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. उलट एखादा छान कोडं घालणारा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता. त्या दिवसापासून मी त्यांची बाई झाले आणि आमचा चहा वाढला.

त्यांना सगळ्यात जास्त ओढ होती ती टप्प्यांची. बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. हे आपल्याला माहीत असतं, पण आपण त्यावर जगत नाही. चाचा जगत. एका मे महिन्यात त्यांनी आमच्या दारात उभं राहून सांगितलं, ‘दोनशे शहाण्णव झालेत. चार युनिट उरलीत. परवा रीडिंगवाला येतोय. जपून.’ चाचांच्या सांगण्यात असं काही गांभीर्य होतं, की माझे यजमान सुधीर दोन दिवस इस्त्री न केलेल्या शर्टात ऑफिसला गेले. मिक्सर बंद होता म्हणून मी पाट्यावर चटणी वाटली. आणि रीडिंगवाला दोन दिवस उशिरा आला. तीनशे सहा. चाचा आमच्याकडे येऊन असे बसले, की शेजारच्या वहिनींनी मला हळूच विचारलं, कोण गेलं?

‘आधी दर बघावा, मग दार ठोठावावं,’ हे त्यांचं वाक्य होतं. ते भाजीला, डॉक्टरला, रिक्षाला, सगळ्याला लावायचे. पण विजेला लावता येत नव्हतं, हेच त्यांचं दुःख. पनवेलला वीज एकाच ठिकाणाहून येणार. दार एकच. ‘एकाच भाजीचं जेवण,’ ते म्हणायचे. ‘वाढतील ते खा आणि छान झालंय म्हणा.’

अशात एक दिवस पेपरात बातमी आली. मुंबईच्या उपनगरांत विजेच्या दोन कंपन्या होत्या, आणि आता ग्राहकाला एक सोडून दुसरीकडे जाता येणार होतं. नवी वायर टाकायची नाही, जुन्याच वायरीतून नव्या कंपनीची वीज. ती कंपनी फक्त स्वतःचा मीटर आणून लावणार.

चाचांनी ती बातमी मला उभ्यानं वाचून दाखवली. मग त्यांनी पनवेलच्या वीज कार्यालयात जाऊन, आपल्याकडे हे कधी सुरू होणार अशी चौकशी केली. तिथल्या क्लार्कनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, ‘चाचा, इथे आम्हीच.’ चाचा परत आले ते नाराज नव्हते. त्यांना वाटेतच आठवलं होतं, की त्यांची मुलगी कुर्ल्याला राहते.

नसरीन ही त्यांची एकुलती एक. चाचा कुवेतहून कायमचे परत आले त्याच वर्षी तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी तिची अम्मी, जैनबचाची, गेल्या. तेव्हापासून चाचा एकटेच. नसरीन ईदला यायची, चाचा तिच्याकडे वर्षातून दोनदा जायचे, जेवून लगेच निघायचे. पण आता कुर्ल्याच्या त्या घरात निवड होती. दोन कंपन्या, दोन दरपत्रकं. आणि ती ताडून बघायला अख्ख्या कुटुंबात चाचांइतका लायक माणूस नव्हता.

त्यांनी एक हिरवी फाइल आणली. दर रविवारी सकाळी ते कुर्ल्याला जायला लागले. तिथला मीटर वाचायचा, नसरीनच्या घरातले दिवे, पंखे, फ्रिज यांची नोंद करायची आणि संध्याकाळी परत येऊन मला तक्ता दाखवायचा. दोन महिन्यांत उत्तर आलं. त्या घरातला वापर बेताचा, टप्पे खालचे, दुसरी कंपनी स्वस्त पडत होती. मी तीनदा पडताळून पाहिलं आणि म्हटलं, चाचा, झालं. फॉर्म भरून टाका.

‘घाई नको, बाई. अजून पंखे सुरू व्हायचेत.’

पंखे सुरू झाले. उत्तर तेच. मग चाचा म्हणाले, पावसात कपडे वाळत नाहीत, इस्त्री वाढते, ते बघायला हवं. पाऊस झाला. मग रमजान. सहेरीला पहाटे दिवे लागतात, तो वापर तक्त्यात नको का? मी म्हटलं, धरू. तक्त्याला रकाने वाढत गेले, तसा तो शेवटी दोन कागद जोडून करावा लागला. त्यात एक रकाना ‘नसरीनचा चहा’ असा होता. मी विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, ती चहा मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करते. सारखी उठते ना कामाला, चहा थंड होतो.

असं वर्ष होत आलं. एका रविवारी चाचांनी मला बरोबर चलायला सांगितलं. निकाल द्यायच्या आधी एक तटस्थ माणूस हवा, म्हणाले. मला चेंबूरला मावशीकडे जायचंच होतं, म्हणून मी निघाले.

नसरीनच्या बिल्डिंगमध्ये मीटर तळमजल्यावरच होते. चाचांनी खिशातून टॉर्च काढला, चष्मा पुसला आणि तिसऱ्या ओळीतल्या मीटरवर उजेड टाकला. मी मागेच उभी होते. मीटर कोरा करकरीत होता आणि त्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव होतं. ज्या कंपनीकडे जावं की नाही याचा आम्ही वर्षभर अभ्यास करत होतो, तिच्याकडे हे घर कधीच गेलेलं होतं.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी आकडा लिहून घेतला, फाइल बंद केली आणि म्हणाले, ‘चला. सांदणं गार होतील.’

वर नसरीननं नारळाच्या दुधातली सांदणं केली होती. जावई इम्तियाज हसतमुख मुलगा, बँकेत कामाला. पण चाचांनी फाइल उघडली तसा तो खुर्चीत सावरून बसला. चाचांनी या महिन्याचं बिल मागितलं. इम्तियाज म्हणाला, ते पत्त्याच्या पुराव्यासाठी ऑफिसात दिलंय. मागच्या महिन्याचं? तेही. नसरीन आत जाऊन एक घडी घातलेलं बिल घेऊन आली. ते जुन्या कंपनीचं होतं, आणि घडी उलगडताना मला दिसलं, चांगलं पाच महिन्यांपूर्वीचं. तारखेवर तिनं अंगठा धरला होता. चाचांनी चष्मा वर केला, त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि आकडे मुकाट्यानं तक्त्यात लिहून घेतले.

मी एका सांदणाचे सहा तुकडे करून खाल्ले, कारण तोंड रिकामं ठेवायची मला भीती वाटत होती.

मग चाचा बोलत राहिले. फ्रिजच्या रबराबद्दल, ट्यूबलाइटच्या चोकबद्दल. नसरीन त्यांच्या समोर बसून ऐकत होती, मधूनमधून विचारत होती, आणि फ्रिजच्या रबराबद्दल इतकं मन लावून ऐकणारी दुसरी मुलगी मी तरी पाहिली नाही. निघताना चाचांनी सांगितलं की हिवाळा एकदा बघू, मग ठरवू. नसरीन म्हणाली, हो अब्बा, घाई नकोच.

स्टेशनवर बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘चाचा, मीटर नवा आहे.’

‘चार महिने झाले,’ चाचा म्हणाले.

‘मग तुम्ही बोलला नाहीत?’

ते थोडा वेळ फाइलची दोरी गुंडाळत, सोडत राहिले. ‘बाई, बावीस वर्षं मी त्या मुलीला वर्षातून एक महिना भेटलो. यायचो तेव्हा घरात पाहुण्यासारखी माझी उठबस व्हायची. ती दारामागून बघायची. मला तिच्याशी काय बोलायचं ते कधी कळलं नाही. जैनब होती तोपर्यंत ती मधे बोलायची.’ त्यांनी फाइल मांडीवर सरळ केली. ‘आता मीटर आहे म्हणून बोलतो. बाप मुलीच्या घरी दर रविवारी कशाला जातो, असं कोणी विचारलं तर सांगता येतं. तुम्ही तिला बोलू नका.’

मी बोलणार नाही, असं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला नसरीनचाच फोन आला. इम्तियाजनं एका दुपारी सहज फॉर्म भरून टाकला होता, ती म्हणाली. त्याला वाटलं, अब्बा खूश होतील. तिनंच त्याला गप्प बसवलं. ‘बाई, काम संपलं की अब्बा यायचे थांबतील. लहानपणी ते यायचे तेव्हाच्या मला त्यांच्या बॅगा आठवतात, आवाज आठवत नाही. आता कुठे आवाज ऐकतेय. त्यांना काही कळलं का हो?’

वचन दिलेलं होतं. मी एवढंच म्हटलं, ‘नसरीन, तुझ्या अब्बांना मीटर वाचता येतो.’

 ती पलीकडे हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला, आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळी चाचा आमच्याकडे आले. हातात फाइल नव्हती. बसले, चहा घेतला, आणि सांगितलं की रात्री नसरीनचा फोन आला होता. ती म्हणाली, अब्बा, मीटर नवा आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तक्ता आता राहू दे. रविवारी नुसतं या.

‘चांगलं झालं की,’ मी म्हटलं.

‘चांगलं आहे,’ चाचा म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. इंधन समायोजन आकारानं सुद्धा त्यांना इतकं पेचात टाकलं नव्हतं. ‘बाई, नुसतं कसं जातात?’

वर्गात कोणी अवघड गणित विचारलं की मी फळ्याकडे वळते. इथे फळा नव्हता. सुधीर पेपर बाजूला ठेवून म्हणाले, ‘अर्धा डझन केळी घ्यायची, चाचा. दार उघडलं की तिच्या हातात द्यायची. मग बसायचं.’

‘मग?’

‘मग ती काय ते बघेल.’

चाचांनी मान डोलावली. रविवारी सकाळी आमच्या खिडकीतून ते जाताना दिसले. इस्त्रीचा पांढरा झब्बा, आणि एका हातात केळ्यांची पिशवी. दुसऱ्या हाताचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तो त्यांनी आधी खिशात घातला, मग काढला, मग मागे धरला.

त्या संध्याकाळी ते परतले नाहीत. सोमवारीही घराला कुलूपच. मंगळवारी दुपारी मी शाळेतून येत होते तेव्हा ते रिक्षातून उतरत होते. दाढी वाढलेली, झब्बा चुरगळलेला, आणि हातात नसरीननं दिलेला डबा.

मी विचारलं, ‘काय केलंत दोन दिवस?’

‘काही नाही,’ चाचा म्हणाले. मग जरा विचार करून, मला नीट कळावं म्हणून, त्यांनी पुन्हा सांगितलं, ‘काहीच नाही केलं, बाई.’