सुपडूकाकांचा हात

आधी माफी मागते. आमच्या घरात सहीपलीकडं कोणी काही लिहिलेलं नाही, आणि वडील तर सहीसुद्धा अजून जीभ दाताखाली धरून करतात. अशा घरातल्या मुलीनं कोणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं जरा जास्तच झालं. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या सुपडूकाकांचं कायमचं एकच मागणं: "माझं नाव घेऊ नको." मी ते मथळ्यातच घेतलंय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सुपडूकाका कंपुटर लाटण्यानं चालू करायचे.

म्हणजे दोन हात लांब उभं राहायचं, तोंड बाजूला वळवायचं, आणि लाटण्याचं टोक बटणावर टेकवून हलकेच दाबायचं. दिवा लागला की दोन पावलं मागं. बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी फोपनारहून बुऱ्हाणपूरला आले, शनवारा पेठेत त्यांच्या माडीवरची खोली घेतली, आणि पहिल्याच दिवशी हे पाहिलं. मला वाटलं, शॉकला भीत असतील. मीही भीत होतेच.

आतून काकू ओरडल्या, "आणा ते लाटणं इकडं! तुमचा कंपुटर काय पोळ्या करून देणार आहे?"

"आणतो, आणतो. जरा टाइम दे. त्याला जागा होऊ दे."

मी पाया पडायला वाकले तर काका टुणकन मागं सरले. "राहू दे, पोरी. मी लांबूनच बरा."

काका कोर्टासमोरच्या चिंचेखाली तीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसायचे. हिंदी अर्ज, शपथपत्रं, फिर्यादी. मग बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झालं, एकेक ऑफिस दुसऱ्याशी तारेनं जोडलं जाऊ लागलं, आणि बाबू लोक म्हणायला लागले की अर्ज कंपुटरवरचाच पाहिजे. काकांनी कोणाचा तरी जुना कंपुटर आणला आणि बाहेरच्या खोलीत मांडला. पण स्वतः त्याला बोट लावलं नाही. फरशीवर खडूनं रेघ ओढली, रेघेच्या अलीकडं खुर्ची टाकली आणि तिथून ते मजकूर सांगायचे. आधी काकू दोन बोटांनी टाइप करायच्या, मी आल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

आणि तो कंपुटर अटकायचा. शहरातली मुलं हँग झाला म्हणतात, काका "अटकला" म्हणायचे. कधी सकाळी, कधी जेवणानंतर, कधी दोन दिवस काहीच नाही. पडद्यावरचा बाण जिथल्या तिथं. एखादा बिचारा अर्जदार "सविनय निवेदन है कि" इथंच तासभर लटकून राहायचा. मेकॅनिकनं तीनदा आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. चौथ्या वेळी म्हणाला, "चाचा, मशीन में कुछ नहीं है. कारण समझ में नहीं आ रहा."

हे ऐकून काकांचा चेहरा पांढरा पडला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. काका कंपुटर अटकला की कधी चिडत नसत. दोन्ही हात पॅन्टला पुसायचे, एक जाडजूड वही उघडायचे आणि काहीतरी लिहून ठेवायचे.

"तू कंपुटर शिकते ना?" मला विचारायचे. "मग सांग ना, याला काय झालं?"

मला काय सांगता येणार? कंपुटरच्या पाच पिढ्या तेवढ्या मला पाठ होत्या. पहिल्या पिढीचे कंपुटर खोलीभर मोठे असत, लवकर तापत आणि वारंवार बंद पडत. मी आमच्या घरातली शिकणारी पहिली पिढी, त्यामुळं मला त्यांच्याबद्दल जरा आपलेपणा वाटायचा. बाकी तो डबा उघडायच्या नुसत्या विचारानं माझे तळहात ओले व्हायचे.

घरात त्या दिवसांत दुसरंच भांडण चालू होतं. काका-काकूंची एकुलती मुलगी ज्योतीताई भुसावळला दिलेली. तिला सहावा महिना होता. बाळंतपण माहेरी करायचं, तिला सातव्यातच घेऊन यायचं, असं काकूंचं म्हणणं. काका रोज एक नवीन कारण काढायचे.

"गाडीला लई गर्दी असते."

"भुसावळ काय विलायतेत आहे? दीड तासाचा रस्ता."

"आपलं घर दमट आहे."

"तिचा जन्म याच घरातला! तेव्हा कोरडं होतं का?"

"मी आपला सांगतो. मंग माझं नाव घेऊ नको."

एकदा ज्योतीताईचा फोन आला. काकूंनी मुद्दाम काकांच्या कानाला लावला. काका "हां... हां... तब्येत सांभाळ" एवढंच बोलले. मग काकूंनी फोन घेतला आणि पदर डोळ्याला लावला. फोन ठेवून मला म्हणाल्या, "पोरगी विचारते, बाबांना मी जड झाले का? काय सांगू, वैशाली?"

मलाही काकांचा राग आला. ते बाहेर गेल्यावर अर्जाचा कागद शोधायच्या निमित्तानं मी ती वही उघडली. चोरून वाचणं वाईट, हे मला माहीत आहे.

आत सुवाच्य अक्षरात रकाने आखलेले होते. तारीख. वेळ. अटकला की चालला. आणि पुढचे तीन रकाने असे: "मी खोलीत", "मी बाहेर", "माझा हात लागला".

मान वर केली तर काका दारात उभे.

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. पण ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं नाव सुपडू का ठेवलं, माहीत आहे?"

आमच्याकडं हे कोणालाही माहीत असतं. आधीची मुलं जगली नाहीत की नवीन बाळाला सुपात ठेवतात आणि असलं टाकाऊ नाव देतात, म्हणजे यमाला वाटावं, हे काही न्यायच्या लायकीचं नाही.

"माझ्या आधी तिघं गेले. मी यमाला फसवून राहिलो. तेव्हापासून तो माझ्या मागं मागं आहे, पोरी. मला नेत नाही. मी ज्याला हात लावतो ते थांबवतो. माझ्या लग्नात घड्याळ बंद पडलं. मी बसलो की बस बंद पडते."

"काका, बस सगळ्यांचीच बंद पडते. आणि तुमचा टाइपरायटर तर तीस वर्षं चालला!"

"चालला. पण त्याच्यावर टाइप केलेला एक तरी खटला संपला का?"

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं, कारण काका हसत नव्हते.

"दोन वर्षांखाली ज्योती आली होती. पाचवा महिना. मी स्वतःच्या हातानं आंबा कापून दिला. डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टरीण म्हणाली, कधीकधी असं होतं, कारण सांगता येत नाही." त्यांनी कंपुटरकडं पाहिलं. "याचं पण कारण कोणाला सांगता येत नाही. म्हणून लिहून ठेवतो. हा जर माझ्यामुळं अटकत असेल, तर ज्योतीला या घरात आणायची नाही. भले ती मला काही पण समजो. आणि नसेल..."

काकूंना यातलं काही सांगायचं नाही, असं मला बजावून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन कंपुटरचा डबा उघडला. कॉलेजातल्या एका मुलानं सांगितलं होतं की आत मेमरीची पट्टी असते, ती काढून खोडरबरानं घासायची. मी घासली. पट्टी परत बसवायला अर्धा तास गेला. काका रेघेपलीकडं उभे राहून, एखाद्याचं ऑपरेशन चालू असल्यासारखे बघत होते. कंपुटर चालू झाला आणि दिवसभर एकदाही अटकला नाही. काकूंनी शिरा केला. मी संध्याकाळी घरी फोन करून वडलांना सांगितलं, मी कंपुटर दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो पुन्हा अटकला. काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वही उघडली, आणि "मी खोलीत"च्या रकान्यात बरोबरची खूण केली.

सातवा महिना लागायला आठवडा उरला होता. मी वही मागून घेतली आणि माडीवर मोजत बसले. मोजणी पूर्ण झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जवळजवळ प्रत्येक वेळी, कंपुटर अटकला तेव्हा काका खोलीत होते. ते पान फाडून टाकावं असं वाटलं. आता खाली जाऊन त्यांना काय सांगू? ते पायऱ्यांच्या खालीच उभे असणार, हे मला माहीत होतं.

मग लक्षात आलं की काका कायमच त्या खोलीत असतात. कंपुटर नीट चालला तेव्हाही तिथंच होते. म्हणजे या रकान्यातून काहीच कळत नव्हतं. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि एकेक तारीख लावून पाहिली. सोमवार. मंगळवार. शनिवार. बुधवार. मी सगळ्या महिन्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. शुक्रवार एकही नव्हता. मी खोडरबर घासलं तो दिवसही शुक्रवारच होता.

मी धावत खाली आले. "काका, शुक्रवारी तुम्ही कुठं असता?"

"कुठं असणार? इथंच. या खुर्चीत."

"मग शुक्रवारी कधीच का अटकत नाही?"

काकू ओट्यावरून म्हणाल्या, "शुक्रवारी तो देवीला भीत असेल. मला तर शुक्रवार नकोसा होतो बाई. लूम बंद असतात ना मागचे, दुपारी यांचं घोरणं पार स्वयंपाकघरात येतं."

आम्ही दोघांनी एकदम मागच्या भिंतीकडं पाहिलं.

भिंतीपलीकडं रफीकभाईंचे पॉवरलूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. आठवडाभर त्यांची खटखट चालायची, शुक्रवारी सुट्टी. बुऱ्हाणपुरात लूमचा आवाज हा आवाज म्हणून कोणी धरतच नाही, त्यामुळं तो आमच्या ध्यानातच नव्हता. मी जाऊन रफीकभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटी, तू जा के मशीन पे बैठ. मैं सब लूम बंद करके एक साथ चालू करता हूँ. चाचा को भी बिठा."

खटखट थांबली. कंपुटर चालू होता. मी काकांना रेघ ओलांडायला लावली. ते आले, बसले, आणि लाटणं शोधू लागले.

"हातानं, काका."

त्यांनी एका बोटानं "क" दाबला. मग "का". मग जुन्या सवयीनं दोन्ही हात धावू लागले आणि "श्रीमान न्यायाधीश महोदय" पासून अख्खा अर्ज खाली उतरला. एवढा वेग मी कॉलेजातल्या सरांचाही पाहिला नव्हता. आणि कंपुटर चालतच होता.

मग पलीकडं सगळे लूम एकदम गरजले. डोक्यावरचा बल्ब लुकलुकला, मंद झाला, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला. काकांचे हात तेव्हा मांडीवर होते.

मागच्या परसाच्या भिंतीवरून रफीकभाईंचं डोकं वर आलं. "अटका?"

"अटका!" मी ओरडले.

"तो फिर कसूर हमारे लूम का है, चाचा! धागा टूटता है तो बंद करते हैं, जोड़ के फिर चालू. हर बार आपकी बिजली हम पी जाते हैं. आप फोकट में इल्जाम अपने सिर ले रहे थे!"

आम्ही तीन-चार वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. विजेचा दाब सांभाळणारा डबा बसवल्यावर तर अटकणंच बंद झालं. पण त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका भुसावळला निघाले. काकू मला हळूच म्हणाल्या, "असं काय सांगितलं तू यांना? कोणाचं ऐकतच नव्हते."

ज्योतीताई आली. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, तुम्ही मला घ्यायला आलात, पण सगळा रस्ता समोरच्या बाकावर बसलात. मी चावते का?" पहिले आठ दिवस काका तिला पाणीसुद्धा काकूंच्या हातानं द्यायचे. मग एकदा मी पाहिलं, ते तिच्यासाठी पेरू कापत होते. कापून ताटली तिच्यापुढं सरकवली आणि तिनं पहिली फोड तोंडात घालेपर्यंत श्वास धरून उभे राहिले. पुढचे दोन महिने ते रोज पेरू कापत. कशाला फळ कापता म्हणून कोणी चेष्टा केली की म्हणायचे, "मी नाही कापलं. माझं नाव घेऊ नको."

एके सकाळी कळा सुरू झाल्या. रिक्षा आली. काका रिक्षेपर्यंत आले, पिशवी ठेवली, आणि ज्योतीताई जोरात कण्हली तसे त्यांनी दोन्ही हात पॅन्टला पुसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बल्बचं लुकलुकणं वेगळं आणि आपल्या मुलीचं कण्हणं वेगळं.

रिक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा काका मागं नव्हते. घरी नव्हते. कोर्टासमोर नव्हते. रफीकभाईंनी दोन माणसं पाठवून नदीच्या घाटापर्यंत बघून घेतलं. मला काकूंनी घरी फोनपाशी बसवलं. अकरा वाजता दवाखान्यातून फोन आला, बारा वाजता पुन्हा आला. दोन्ही वेळा मी म्हणाले, "नाही, अजून नाही आले." इकडं बातमी होती आणि ती ज्याला सांगायची तोच माणूस नव्हता. मला नको नको ते विचार यायला लागले होते.

दीड वाजता फोन वाजला. पलीकडून नुसता बसचा हॉर्न आणि चहावाल्याची हाक.

"काका? कुठून बोलताय?"

शेवटी काकांचा आवाज आला. "नेपानगर. बस स्टँड. याच्यापुढं जाणारी गाडी अजून लागली नाही." मग अगदी बारीक आवाजात, "पोरी, सांगू नको. मी अजून पुरता लांब गेलो नाही. आधी पुढची बस सुटू दे."

"काका, ऐका. मुलगी झाली. अकरा वाजता. दोघी चांगल्या आहेत. काकूंनी बाळाला उचलायला हात पुढं केला, तर ज्योतीताईनं दिलं नाही. माहेरच्या माणसांत पहिल्यांदा बाबांनी घ्यायचं म्हणते. अडीच तास झाले, सगळे तुमच्यासाठी थांबलेत."