एकच धड निघाली

शांतवन सरांनी ठरवलं, यंदा दोडका आपणच लावायचा. त्यात काय एवढं? राहुरीसारख्या शेतकी विद्यापीठाच्या गावात जन्म काढलेला माणूस! बायको, दया, गेल्यापासून मागच्या भिंतीजवळचा मांडव ओका पडला होता. तिने राखून ठेवलेल्या मूठभर बिया सरांनी ओल्याकिच्च फडक्यात गुंडाळल्या, डब्यात घातल्या आणि झाकण असं गच्च लावलं, जणू बिया रात्रीतून पळूनच जाणार होत्या!

पळाल्या नाहीत. डबा उघडला, तर एकेकीला पांढरीशुभ्र दाढी!

बाजारात दोडक्याचं बी ढिगाने मिळतं, पण दयाच्या हातचं एवढंच होतं. त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला.

"पप्पा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करते हं!"

सिल्व्हियाचं हे 'नंतर' नाताळापासून चालू होतं. मग सर मोबाईलवर बोलून निरोप धाडू लागले. बुरशी आली, मऊ पडल्या, फेकू का? घरात दुसरं होतं कोण विचारायला?

अखेर बियाण्याच्या दुकानदाराचा सल्ला घेऊन झाल्यावर त्यांनी आणखी एक निरोप धाडला. "बाकीच्या सगळ्या बाद! एकच धड निघाली. कोमट पाण्याने आंघोळ घातली, हळद लावली. आता मम्मीच्या जागेवर आणतो. किती दिवस रिकामी ठेवायची? येतेस तर ये!"

सिल्व्हियाने आधीचा एकही निरोप ऐकला नव्हता. नेमका हाच ऐकला!

दुपारी दाराशी गाडी करकचून थांबली.

"पप्पा, मम्मीला वर्षसुद्धा झालं नाही हो! कुठाय ती?"

"हळू बोल! आत आहे. अंधारात ठेवलीय."

"अंधारात?"

"हो, पण आता कोंडत नाही. तेवढी हवा लागते तिला."

"म्हणजे आधी कोंडलं होतंत?"

"चुकलंच माझं. म्हणून तर अंगावर बुरशी आली!"

सिल्व्हिया मटकन खुर्चीत बसली. सरांनी आतून डबा आणला आणि अलगद उघडला. हळदीत माखलेली एक काळी बी, टोकाशी किंचित उकललेली.

सिल्व्हिया हसत सुटली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.

"एकटेच किती बोलता हो, पप्पा."

"तू उचलत नाहीस ना."

संध्याकाळी दोघांनी मिळून भिंतीजवळ बी लावली. निघताना ती म्हणाली, "उगवली की लगेच सांगा. बघायला येईन मी. नक्की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी निरोप धाडला, "सिल्व्हिया, उगवली गं!"

मग ते मागे गेले. माती तशीच सपाट होती. आसपास कोणी नाही असं पाहून सर वाकले आणि हळूच म्हणाले, "लवकर ये बाई वर. मी सांगून बसलोय!"