उद्घाटनापूर्वी झालेल्या साफसफाईबाबत

निसर्गाची सेवा कोणीही करू शकतो, पण ती योग्य पाहुण्यांच्या हस्ते व्हावी लागते. हे तत्त्व ज्यांना कळलं नाही, त्यांच्या गावचे ओढेनाले नुसतेच स्वच्छ आहेत. त्यांचं नाव कोणी पेपरात वाचलेलं नाही.

तंजावुरात आमचं तसं नाही. आमच्या वस्तीमागून चिन्न वायक्काल जातो. वायक्काल म्हणजे कावेरीचं पाणी शेतांपर्यंत नेणारा पाट. (निदान खणला तो त्यासाठी.) त्याच्या देखभालीसाठी इथल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून स्वयंसेवक मंडळ काढलं. अध्यक्ष राघवेंद्र राव, बँकेतून निवृत्त. सहसचिव चार, त्यांतला एक मी. उपाध्यक्ष किती ते नक्की सांगता येणार नाही, कारण जो सभासद रुसतो त्याला आम्ही उपाध्यक्ष करतो.

आमच्याकडे कुठलंही कार्य पोन्नाडैशिवाय पार पडत नाही. ही चकाकत्या जरीकाठाची शाल. भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात ती पाहुण्यांच्या खांद्यावर पांघरायची असते. मग पाहुणे आम्हाला पांघरतात, मग आम्ही एकमेकांना. वायक्कालातून निघालेल्या प्लास्टिकची मंडळाने एकदा शास्त्रशुद्ध पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक पिशव्या या शालींच्याच निघाल्या. मंडळ वायक्कालाशी किती एकरूप झालं आहे, हे यावरून दिसून येतं.

यंदा जूनमध्ये कावेरीवरचं मेट्टूरचं धरण उघडलं. पाणी आमच्याकडे पोचायला थोडेच दिवस होते आणि वायक्काल काठोकाठ जलपर्णीने भरला होता. अशा वेळी चंद्रमती अक्का सभेला आल्या. अक्का शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. वायक्कालाच्या पार शेवटच्या टोकाला त्यांचं वडिलोपार्जित शेत आहे आणि त्यात त्यांनी भाताची रोपं टाकली होती.

"राव, रस्त्याखालच्या पाइपाच्या तोंडाशी जलपर्णीने अस्क जाम झालंय," अक्का उभ्यानेच म्हणाल्या. "पाणी आलं तरी माझ्या रोपांपर्यंत येणार नाही. तुमी चौघं आलात तर एका सकाळचं काम."

"काढायचंच आहे, अक्का. रविवारी उद्घाटन ठेवलंय. चीफ गेस्ट मिळालेत."

"तवर रोपं वाळतील. गेल्या वर्षी पण गेली. यंदा गेली तर माझी लेक नंदिता शेत ठेवू देणार नाही. चेन्नैहून रोज फोन करते, विकून टाक मणून."

"सेरी, अक्का. पण आधी काढलं, तर चीफ गेस्ट काय काढतील?"

या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. अक्का निघून गेल्या.

सभेने मग एकमताने ठरवलं की उद्घाटन होईपर्यंत जलपर्णीला कोणी हात लावू नये. हात लागू नये म्हणून पाळीपाळीने राखण बसवली. साफसफाईला आमच्याकडे तिघं येतात. राखणीला बावीस जणांनी नावं दिली. दोघांनी तर घरून खुर्च्या आणल्या. लोकांत उत्साह नाही असं जे म्हणतात, त्यांनी लोकांना योग्य काम देऊन पाहिलेलं नाही.

तरी उद्घाटन पुढे गेलंच. पाहुण्यांना संध्याकाळी पाचलाच सवड होती, आणि रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो. राहुकाळात जलपर्णी उपटली तर काय होतं, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. म्हणजेच आजवर कोणी असला धोका पत्करलेला नाही. उद्घाटन पुढच्या रविवारी सकाळी ठरलं.

मधल्या दिवसांत पाणी आलं. ते जलपर्णीपाशी थबकलं, वळलं आणि आमच्या गल्लीत शिरलं. (कावेरी दारी आली म्हणून दोन घरांनी आरतीही केली.) अक्कांच्या शेतात मात्र थेंब पोचला नाही. त्यांची रोपं पिवळी पडू लागली. लावणीच्या दिवसांत मजूर मिळेनात, तेव्हा शनिवारी सकाळी अक्का पदर खोचून, कोयता घेऊन स्वतःच पाण्यात उतरल्या.

राखणीवर आमच्यातला सूर्यनारायण होता. त्याने नियमाप्रमाणे अक्कांना मना केलं. मग, शाळेत त्या त्याच्या टीचर होत्या म्हणून, त्यांच्या चपला हातात धरून तो काठावर उभा राहिला. दुपारपर्यंत अक्कांनी पाइपाचं तोंड मोकळं केलं. अडवण सुटली तशी वरची जलपर्णीही पाण्याबरोबर वाहून गेली. शेवटी बाटलीची काच लागून अक्कांचा तळपाय फाटला, टाके पडले. पण पाणी सुटलं. संध्याकाळी ते रोपांत पोचलं, तेव्हा अक्का बांधावर बसून रडल्या, असं सूर्यनारायण सांगतो. मंडळाने याची दखल घेतलेली नाही.

मंडळाला दखल घ्यायला सवडच नव्हती. रविवारी सकाळी येऊन पाहतो तर वायक्काल स्वच्छ! पाणी खळखळ वाहतंय, तळ दिसतोय, आणि पाहुणे तासाभरात पोचणार. राघवेंद्र राव मटकन खाली बसले.

"अय्यो! आता दाखवू काय?"

अशा प्रसंगीच संघटनेची ताकद कळते. छोटा टेंपो, ज्याला इथे कुट्टी यानै म्हणजे हत्तीचं पिल्लू म्हणतात, तातडीने मागवला. शेजारच्या तळ्यातून दोन खेपा जलपर्णी आणून वायक्कालात ओतली. ती वाहून जाऊ नये म्हणून चार उपाध्यक्षांनी तिला बांबूने रेटून धरलं. पाहुणे आले, समई लागली, तमिळ प्रार्थना झाली. पाहुण्यांनी हातमोजे घालून एक रोपटं उपटलं. (त्यांचं कोपर धरायला सहा जण होते.) फोटो झाले. मग पोन्नाडै, मग मंडपात केळीची पानं मांडली गेली. उपाध्यक्षांनाही भूक असते. त्यांनी बांबू सोडले.

पाणी चांगलंच वाहत होतं, त्यामुळे रेटून गठ्ठा झालेली दोन टेंपोभर जलपर्णी थेट पाइपाच्या तोंडात जाऊन बसली.

पंगत अर्ध्यात असताना अक्का ऑटोने आल्या. पायाला बँडेज, सुंदरच्या खांद्यावर हात. सुंदर म्हणजे ऑटोवाला. राव लगबगीने उठले आणि उरलेली एक शाल उघडून त्यांच्याकडे गेले.

"मज पोन्नाडै नोको, राव," अक्का म्हणाल्या. "पाणी परत बंद झालंय. माझा पाय टेकत नाही, मज उतरता येत नाही. तुमी कोणीतरी उतरा. पाया पडते."

ज्यांनी नव्या वेष्ट्या, म्हणजे इथली पांढरी धोतरं, नेसल्या होत्या त्यांनी वेष्ट्यांकडे पाहिलं. इतरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी पानावरून उठणारही होतो, पण तेवढ्यात पायसम आलं.

या विषयावर उपसमिती नेमली आहे. ती पाइपाची पाहणी करेल. पाहणीसाठी योग्य पाहुण्यांचा शोध चालू आहे.

रोपं त्या आठवड्यातच करपली. अक्कांनी पुन्हा बी टाकलं नाही. शेत विकलं गेलं, आता तिथे प्लॉटचे पांढरे दगड रोवले आहेत. वायक्कालाच्या शेवटच्या टोकाकडून येणाऱ्या तक्रारी त्यामुळे शंभर टक्के बंद झाल्या. मंडळाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी कामगिरी आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं होतात, एकालाही उतरता आलं नाही? प्रश्न रास्त आहे. पण अक्कांची रोपं पिवळी पडत होती, हे तुम्हालाही मघापासून ठाऊक होतं, आणि तुम्ही हसत होतात. मंडळाला अशाच माणसांची गरज आहे. रविवारी या, काठावर अजून भरपूर जागा आहे.