विचारायचं नाही, ओळखायचं!

"कॉम्प्युटर लावते हं," असं म्हणून एयदीसनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"संगणक," हाल्फदान म्हणाले.

हाल्फदान म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आता भाषा समितीचे अध्यक्ष. आइसलँडिकमध्ये परका शब्द आला की घासात खडा लागल्यासारखा त्यांचा चेहरा होई. बेकरीत कुणी 'ओके' म्हटलं तर मागची रांग ताटकळत ठेवून ते वाक्य दुरुस्त करून घेत. ग्रंथपाल बोझेना पोलंडहून येऊन वर्षं लोटली, तरी तिच्या तोंडून चुकून 'थँक्स' निघालं की हेडमास्तर हजर. एयदीस तर त्यांची जुनी विद्यार्थिनीच.

मुलांना जुने आइसलँडिक शब्द शिकवणारा प्रोग्रॅम तिनं दोन वर्षं खपून बनवला होता. आज ग्रंथालयातल्या बैठकीत समितीनं होकार दिला तर तो भोवतालच्या सगळ्या शाळांत जाणार होता, नाही तर तिच्याच घरी पडून राहणार होता. हाल्फदाननी पहिल्याच दिवशी अट घातली होती, "उघडल्यावर 'कोणती भाषा हवी' असलं काही विचारायचं नाही. आपल्याच देशात असला प्रश्न? संगणकाला आपोआप कळलं पाहिजे!" म्हणून तिनं तशी सोय केली. यंत्राची स्वतःची भाषा कोणती आहे ते प्रोग्रॅम गुपचूप बघायचा आणि त्याच भाषेत, मालकाचं नाव घेऊन, मोठ्यानं स्वागत करायचा. परदेशातून आलेल्या मुलांसाठी तिनं आणखी काही भाषाही घातल्या होत्या. आईच्या संगणकावर सगळं सुरळीत चाललं होतं.

तिनं ग्रंथालयाच्या संगणकावर प्रोग्रॅम सुरू केला. तो खणखणीत पोलिशमध्ये बोलला.

"अगं बाई," बोझेना म्हणाली, "माझ्या सोयीसाठी मीच करून घेतलं होतं ते."

"मग बदल पटकन!"

"पासवर्ड नगरपालिकेच्या माणसाकडे. आणि तो गेलाय डोंगरावर, हिवाळ्याआधी मेंढ्या खाली उतरवायला."

सप्टेंबरात मेंढ्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. एयदीसनं घाईघाईनं स्वतःचा लॅपटॉप उघडला. तो इंग्रजीत बोलला.

"तुझासुद्धा?" हाल्फदाननी डोळे मिटून घेतले.

"काही बिघडलं की उपाय इंग्रजीतच सापडतात हो. म्हणून ठेवलाय."

समितीतले तोर्फी इतका वेळ कॉफीत क्लेना, म्हणजे तळलेली गोड पुरचुंडी, बुडवून खात होते. पोरीची दया येऊन त्यांनी आपला लॅपटॉप पुढे केला. त्यातून डॅनिश बाहेर पडलं.

"कोपनहेगनला शिकत होतो ना," ते पुटपुटले, "तेव्हापासूनची सवय राहिलीय."

"डेन्मार्कचा राजा घालवायला शतकं लागली आपल्याला," हाल्फदान कडाडले, "आणि तुम्ही त्याला पिशवीत घालून हिंडता! थांबा. माझा आणतो. या गावात एक तरी शुद्ध संगणक आहे!"

ते समोरच राहत. बाहेरच्या गार वाऱ्यात कोटाविनाच तरातरा गेले. एयदीसला हायसं वाटलं. काही झालं तरी हेडमास्तरांच्या संगणकात आइसलँडिकच असणार. आता आपली नौका पार झाली, असं म्हणत तिनंही एक क्लेना उचलला.

हाल्फदान परत आले, लॅपटॉप टेबलावर ठेवून अभिमानानं मागे सरले. एयदीसनं प्रोग्रॅम चालू केला.

"होला, हाल्फदान! बिएन्व्हेनिदो!" आणि वर टाळ्यांचा कडकडाट. तो तिनं मुलांना हुरूप यावा म्हणून घातला होता.



"ही स्पॅनिश ना? टेनेरीफ बेटावर बोलतात ती?" तोर्फींनी विचारलं. "तुम्ही दर हिवाळ्यात जाता तिथली? गुडघ्यांसाठी?"

हाल्फदानचे कान लाल झाले. बायको गेल्यापासून ते एकटेच होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गुडघे आहेतच," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "पिलार नावाच्या एक बाई आहेत. संध्याकाळी समुद्राकाठी फिरायला येतात. त्यांना आपली भाषा येत नाही. दिवसभर डोळ्यांपुढे स्पॅनिश असलं की चार शब्द तरी पक्के होतात, म्हणून ठेवलंय मी. तो तेवढा टाळ्यांचा आवाज बंद कर गं."

एयदीसला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं. तिनं आवाज बंद केला. आता प्रोग्रॅमचं काही खरं नाही, अशी खूणगाठ तिनं मनाशी बांधली.

हाल्फदाननी घसा साफ केला. "पहिल्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं?"

"भाषा विचारायची नाही."

"चुकलंच माझं. यंत्रानं माणसाच्या घरात असं डोकावू नये. सरळ विचारावं, कोणती भाषा हवी. हळू आवाजात. एवढं बदल, मग माझी मंजुरी आहे. तोर्फी?"

"माझी तर कधीचीच आहे," तोर्फी म्हणाले.

एयदीसनं आनंदानं हेडमास्तरांना मिठीच मारली. बोझेनानं सगळ्यांना पुन्हा कॉफी ओतली आणि पहिला कप हाल्फदानपुढे ठेवला.

"ग्रासियास," ते आपल्याच तंद्रीत म्हणाले.

बोझेना किटली हातात धरून थांबली. इतक्या वर्षांनी अशी संधी आली होती.

"हाल्फदान," ती म्हणाली, "आपल्यात 'धन्यवाद' म्हणतात."