खैरेकाकांचा लाल टॅग

खैरेकाकांच्या सोफ्यावर फार वेळ बसू नये. न हलणाऱ्या वस्तूला ते लाल टॅग लावतात.

काका आमच्या रहाटणीच्या सोसायटीत शेजारी. चाकणच्या एका कंपनीत, स्टोअरमध्ये त्यांची हयात गेली. तिथला नियम असा, की वर्षभर वापरात नसलेल्या मालाला लाल टॅग लावायचा, महिनाभर बाजूला ठेवायचा आणि कोणी मागितला नाही तर भंगारात काढायचा. काका निवृत्त झाले, नियम झाला नाही. जावयाने दिलेली छत्रीसुद्धा बाल्कनीत महिना काढून गेली.

मध्यंतरी त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली. अपडेट होईना. मी आयटीतला म्हणून मला बोलावणं आलं.

"दोन मिनिटांत उडवतो, काका."

"उडवतो? सिस्टीमच्या फायली आहेत राव! आधी बॅकअप, मग टॅग."

टॅग म्हणजे लाल कागदाची पट्टी. तात्पुरत्या फायली, जुन्या अपडेटचा गाळ, कधीच्या मोडलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, एकेकाचं नाव लिहून पट्टी मॉनिटरला चिकटवायची. सिस्टीमच्या फोल्डरला त्यांनी मला हात लावू दिला नाही. "चालू मशीनचा नट ढिला करायचा नाही. सफाईचं बटण मशीनमध्येच दिलंय, तेच दाब." महिनाभर मॉनिटर मुंडावळ्या बांधल्यासारखा दिसत होता. मग एका रविवारी आम्ही सगळं काढलं.

तरी जागा पुरेना. सगळ्यात मोठा ढीग निघाला 'मालती' नावाच्या खात्यात. मालतीकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

मी चाचरत म्हणालो, "काका, तुमच्याच नियमाने..."

"शेवटचं कधी वापरलं, ते बघ."

मागच्या रविवारी. त्याच्या मागच्याही रविवारी.

"ती पत्त्यांचा डाव लावायची त्यात," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "दर रविवारी मी एक लावतो. जमत नाही मला, अडतो. पण वापरात आहे ना? मग टॅग लागत नाही."

मी माउसवरचा हात काढून घेतला. काकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली, स्वतःचं खातं उघडलं आणि स्टोअरची सगळी प्रेझेंटेशनं, बक्षीस समारंभांचे व्हिडिओ दाखवले. "याला वर्षभर हात लागलेला नाही. काढ."

"काका, बॅकअप?"

"नको."

अपडेट सुरू झालं. ते संपल्यावर काकांनी काकूंचं खातं उघडून पत्ते मांडले आणि मला म्हणाले, "बस की. कुठे अडतो ते सांग."

मी सोफ्यावर बसलो. अंधार पडेपर्यंत हललो नाही.